गरम लागेल

दिवेखोलीची खिडकी कमरेएवढी. आतून मी देते
आधी दिवा, मग हा डबा.
तीन किलो. उजव्या कुशीला, पट्टा तिरपा.
चालताना मांडीला लागतो म्हणून पोरं कुरकुरतात.
लागू दे.

आत दाणे आहेत, हरभऱ्याच्या डाळीएवढे, नारिंगी.
पोटॅशियम सुपरऑक्साइड.
एकट्या पालाशला दोन-दोन प्राणवायू बिलगलेले,
पेलवेल त्याहून जास्त.

शाळेत इर्मगार्ड याकोव्लेव्ना
रॉकेलमधून तो धातू काढायच्या,
साध्या चाकूनं कापायच्या.
कापलेली बाजू माशाच्या पोटासारखी चकाकायची
आणि आम्ही बोट दाखवेपर्यंत विझायची.
"ह्या घरात सगळ्यांचाच हात सैल," त्या म्हणायच्या,
"बाहेरच्या ओसरीवर एकच इलेक्ट्रॉन,
तोही येईल त्याला देऊन टाकतात.
जळताना लिथियम बेतानं घेतो, सोडियम थोडं जास्त.
पोटॅशियमला हिशेब कळत नाही."
मला त्या धड्यात पाचापैकी तीन.

हिशेब इथं कळला.
खाली वायू भरला की रबर दातात, नाकाला चिमटा,
आणि आपलाच टाकलेला श्वास ह्या दाण्यांवर सोडायचा.
ओल पोचली की ते प्राणवायू सोडतात,
उरलेला क्षार आपली वापरलेली हवा गिळून बसतो.
द्याल तर येईल.
दम धरून ठेवलात तर डबाही गप्प.
चालत असलात तर तासभर. निपचित बसलात तर चार.

मार्चमध्ये उत्तरेच्या बोगद्यात कोळशाचा पट्टा पेटला.
त्या पाळीला माझ्या खिडकीतून एकोणीस डबे गेले होते.
अठरा माणसं चालत वर आली.

तोलेगेन सगळ्यांत शेवटी.
आधीचं मूल गेल्यावर झालेला, म्हणून आईनं ठेवलेलं नाव :
भरपाई.
ओठ भाजलेले. डबा खिडकीत ठेवला,
हात लावता येईना इतका तापलेला.
निवल्यावर मी तो उघडला. उघडायचा नसतो.
आत सगळं पांढरं, ढेकूळ.
चुलीच्या राखेत असतं तेच,
फक्त ह्यातला कार्बन तोलेगेनच्या छातीतून आलेला.
कुणाचा श्वास मी पहिल्यांदाच पाहिला,
मूठभर, खडबडीत.

येरकेबुलानचा डबा दुसऱ्या दिवशी आला.
पट्ट्यावर त्यानं पेनानं काढलेलं सायगा हरीण,
एक शिंग अर्धवट.
वरचा बोटभर थर पांढरा.
खाली सगळं नारिंगी, मी दिलं तसं.

शिकवलं होतं त्याला मीच. आठ सेकंदांत लावायचा.
पण शिकवायचे डबे रिकामे असतात,
त्यांतून येते ह्याच खोलीची गार हवा.
खऱ्यातली येते भट्टीसारखी, कोरडी, जीभ टाळूला चिकटते.
त्याला वाटलं असेल, डबाच पेटला.
थुंकून टाकला.

फॉर्मात दोनच रकाने :
वापरला. न वापरलेला.
पेन धरून मी किती वेळ बसले ठाऊक नाही.
तोलेगेन खिडकीबाहेर उभा होता.
त्यालाही काही सुचवता आलं नाही.

आता नवीन पोर आलं की मी आधी सेकंद मोजत नाही.
समोवारमधून वाटी भरते, उकळती,
म्हणते, ह्याच्यावर तोंड धर. ओढ आत.
खरी हवा अशी ओली नसते, पण चटका तोच.
हसतात. ओढतात. मागे सरकतात.

सरकू नकोस.
गरम आहे म्हणजे चालू आहे.
जिवात जीव गरमच येतो, बाळा,
गार लागली तर घाबर.

पुन्हा.