उसवण

पापाच्या तिकटीला माझं दुकान, चार पायऱ्या उतरून खाली.
वर भांड्यांचं दुकान, त्यामुळं दिवसभर
डोक्यावर कुणीतरी पितळ आपटतंय.
तिथं ती आली जूनमध्ये, केतकी नेजदार, कसबा बावडा,
दिल्लीहून आलेलं खोकं काखेत मारून.
खेळ कुठला, विचारलं.
थाळीफेक.

कोट गडद निळा, खिशावर सोनेरी चिन्ह,
कॉलरच्या आत चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच अक्षर: एल.
पोहणाऱ्याला एल, नेमबाजाला एल,
पथकप्रमुखाच्या ढेरीलाही बहुतेक एलच.
महासंघानं फॉर्म भरून घेतलेला म्हणे,
छाती, कंबर, बाही, रक्तगट सुद्धा.
मग कुणीतरी सगळ्या देशाची सरासरी काढली.

मी फीत टाकली.
उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच भरलेला.
"थाळीमुळं, काका. नऊ वर्षं झाली."
माणसाचं काम खांद्यात उतरतं, हे मला ठाऊक आहे,
गूळ मार्केटचे हमाल येतात माझ्याकडं.
पण इतकं एका बाजूनं लिहिलेलं
मी कुठल्या अंगावर वाचलं नव्हतं.

तीन रात्री बसलो.
उजवा तसाच ठेवला, बरोबर बसत होता,
डावा आत घेतला, पाऊण इंच, बारीक टाक्यांनी.
बाही दीड इंच वर.
ट्रायलला तिनं आरशासमोर हात मागं नेला
अन् कमरेतून वळली,
माझं एवढंसं दुकान तिच्याबरोबर वळलं,
कात्री खाली पडली.
शिवण हूं की चूं नाही.
"जातो, काका," म्हणाली. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.
मजुरीला हात घातला पर्समध्ये.
मी म्हटलं, परत आल्यावर.

ऑगस्टात कळलं, महासंघ दोन आहेत.
नाव एकच. लेटरहेड दोन, मानद सचिव दोन,
शिक्के दोन, दोन्ही गोल.
दोघांच्याही यादीत तिचं नाव होतं
म्हणून शेवटच्या यादीत नव्हतं.
हे तिनं मला तीनदा समजावलं.
मला एका कोटाला दोन कॉलरी लावता येत नाहीत,
मी नुसती मान हलवली.
तारीख पडली, स्पर्धा संपल्यानंतरची.
तोवर पथक विमानात बसलेलं,
त्यात तिच्यापेक्षा लांब फेकणारं कुणी नव्हतं,
फेकणारंच कुणी नव्हतं.

पत्र मात्र वेळेवर आलं:
साहित्य आठ दिवसांत, मूळ स्थितीत,
स्वखर्चाने परत करावे.

ती पायऱ्या उतरली. खोकं तेच, सुतळी नवी.
"पहिल्यासारखा करायचाय, काका."
रडली नाही. स्टुलावर बसून
पुडीतलं भडंग निम्मं खाल्लं, निम्मं मला दिलं.
"खिशावरचं ते काढता येईल?"
अन् मी चष्मा लावेपर्यंत,
"नको. राहू दे."

उसवणं हे शिवण्याहून वाईट काम.
शिवताना माणूस समोर असतं,
उसवताना नुसता दोरा.
वरचं पितळ थांबलेलं. मी एकटा.
बाही खाली सोडली. खांदा पुन्हा सगळ्यांचा केला.
वाफ दिली, ब्रश मारला, उलटी इस्त्री फिरवली,
तरी लोकरीत सुईची भोकं राहिली.
बल्बासमोर धरलं की दिसायची,
डाव्या खांद्यावर, ओळीनं,
उजवीकडं ती जेवढी जास्त होती
बरोबर तेवढी.

पावतीवर मूळ स्थितीत असं मी लिहिलं नाही.
कोट एक नग, एवढंच लिहिलं.

कधीतरी तो कुठल्या मॅनेजरच्या अंगावर चढेल,
झेंड्यामागं चालताना
डाव्या खांद्याला त्याला वारा लागेल बारीक,
तो खांदा उडवेल अन् चालत राहील.

ती पहाटे विद्यापीठाच्या मैदानावर असते अजून.
दूधवाला सांगतो, थाळी पडल्याचा आवाज येतो.
माझ्या वहीत तिच्या नावावर अडीचशे रुपये आहेत.
पुढं मीच लिहिलेलं आहे, खोडलेलं नाही:
परत आल्यावर.