माप

गुरुजींच्या आधी मला कळतो पट.
माझ्याकडे हजेरीचं पुस्तक नाही,
एक पितळी वाटी आहे, कडेला पोचा पडलेली.
शंभर ग्रॅम, पोच्यासकट.

जूनला तेवीस वाट्या तांदूळ.
दसऱ्यापर्यंत तेवीस.
मग मुकादमाची गाडी लागली पाड्याला,
खाली भांडी, कोंबड्या, गोधड्या, वर पोरं.
धुडकूचा जयवंत फळीवरून ओरडला,
"काकू, मनी वाटी ठेवजो!"

साहेब थंडीत आले. बुटांना पांझरेची वाळू.
डोकी बोटानं मोजली : पंधरा.
गुरुजी म्हणाले, आठ ऊसतोडीला आहेत सर,
होळीला येतील.
साहेब म्हणाले, होळीचा रकाना नाही.

माणूस वाईट नव्हता.
उभ्यानंच दोन घास खिचडी खाल्ली,
मीठ बरोबर आहे म्हणाला,
आणि पेनाला टोपण लावलं.

पुढं कागद आला.
विसाच्या खाली शाळा परवडत नाही.
कुणाला, ते कागदात नव्हतं.
माझंही काम गेलं,
पण मी कुठल्याच पटावर नव्हते.

आता शाळा नदीपलीकडे, साडेचार किलोमीटर.
जायचं भाडं मिळणार, खात्यावर.
खातं पिंपळनेरला.
पिंपळनेरला जायचं भाडं मात्र रोख.
मालच्यांच्या पूनमचे पैसे आले
ते परीक्षा उरकल्यावर.
तोवर ती भावाला कडेवर घेऊन घरीच बसलेली.
त्या पैशांची तिनं चप्पल घेतली,
चालायला नाही,
मावशीच्या लग्नात घालायला.

होळीला गाडी परतली.
जयवंत उतरला तो थेट शाळेकडे.
कुलूप हलवून बघितलं,
मग खिडकीच्या गजांत तोंड घातलं.
आत कुणाचा तरी कांदा पसरलेला,
अर्ध्या खोलीभर, भिंतीपर्यंत,
आणि फळ्याच्या कोपऱ्यात
गुरुजींचं अक्षर अजून तसंच :
पट २३. हजर १५.

माझ्या ओट्यावर येऊन बसला.
अंगाला पाचटाचा वास, बोटांवर चिरा.
इकडचं तिकडचं काही बोलला नाही.
"मनी वाटी?"

मी आत गेले. डबा वाकडा करून तांदूळ काढला,
वाटीत ओतला, वरून बोट फिरवलं
सवयीनं.
बाहेर आले तर
बाकीचे सातही
ओट्याखाली उभे होते.