फुटामागे एक सूत

उद्यमबागेत आमच्या बाबांना
सगळे पॅटनवाले म्हणायचे.
मधला र कुठे सांडला, कुणी विचारलं नाही.
रंध्याखाली, भुशात पडला असेल.

शिंप्याकडे पॅटर्न म्हणजे ब्लाउजचा गळा,
क्लासवाल्यांकडे परीक्षेचा,
आणि हवालदार एकदा म्हणाला होता,
सायकलचोरांचा पॅटर्न ठरलेला असतो.
बाबांचा हातात धरता यायचा:
सागवानी, पंपाच्या पोटाएवढा,
अंगाला लाल, गाभा बसतो तिथे पिवळा.
मोल्डर ईराप्पा त्याला अच्चु म्हणे.
मी साचा म्हटलं तर बाबा चिडत,
"साचा वाळूत. ह्यो त्याच्या आधीचा."

सहावीत त्यांची पोलादी पट्टी शाळेत नेली,
दहा सेंटिमीटरची रेघ मारली.
हेरेकर बाईंनी आपली पट्टी लावून बघितली.
मिलिमीटरभर जास्त. शून्य मार्क.
घरी येऊन आपटलीच मी ती.
खोटी आहे तुमची पट्टी!

बाबांनी चहा बशीत ओतला.
"खोटी न्हवं. फुटामागं एक सूत वाढीव हाय.
लोखंड निवताना आकसतंय.
म्हणून लाकूड आधीच मोठं करायचं.
तू शाळंत कशाला न्हेलास ती?"

पुढे कधीतरी कॅम्पातल्या वाचनालयात
जाड कोश उघडला, तर कळलं,
पॅटर्न मुळात पेट्रन होता:
पाठीराखा, ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी घडायचं तो.
फ्रेंचांकडून इंग्रजीत आला,
तिथे बोलता बोलता र जागचा हलला
आणि एकाचे दोन शब्द झाले.
एक देणगीदारांच्या फलकावर जाऊन बसला,
दुसरा राहिला सुताराकडे.
मागे लॅटिन पातेर.
त्याच्या बाजूला, कोशातच, बारीक अक्षरात
आपला पितृ.
मी पंख्याखाली बराच वेळ बसून राहिलो.

घरी येऊन सगळं सांगितलं, मोठ्यानं,
कारण ग्राइंडरनं त्यांचे कान नेलेत.
"आस्सं," म्हणाले. "मग पगार वाढवला काय
त्या लॅटिननं?"
आणि जरा वेळानं, खिडकीकडे बघत,
"ईराप्पाला सांगायला पायजे होतं."

उठताना मी हात दिला.
तोच जुना खाकी सदरा,
खांद्यावरून खाली घसरलेला.
किती, ते नजरेनंच मोजलं.
एक सूत कसलं,
चांगले चार बोटं.