भागी

अष्टमीला, भांगाचं पाणी मऊ असतं तेव्हा
आम्ही पाच जण बांधावर बसलो.
म्हणजे, बांध होता तिथे.
सात वर्षं खाडी आतबाहेर करत्येय,
राबाच्या जागी तिवरं, कुर्ल्यांची बिळं.

वही माझ्या मांडीवर. अक्षर बरं, म्हणून.
"लिही," हसनमियां सोलकर म्हणाले,
"पाणी कुणा एकट्याचं ऐकत नाय."
हे कलमात बसेना. मी समासात लिहिलं.

माझे अकरा गुंठे. सोलकरांचे नऊ,
आणि उघाडीची फळी कधी टाकायची, कधी काढायची
ते त्यांच्या डोक्यात.
दामल्यांचे चोवीस, पण सातबाऱ्यावर नावं एकोणीस:
तिघे बोरिवलीला, दोघे देवाघरी,
एक आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नाही.
धोंडू गिजमाचा पॉवर टिलर, पट्टा तुटका.
तरी तो भाडं सांगायला लागला.
सोलकरांनी नुसता खाडीकडे हात केला.

मग भागीर्थी.
तिच्या नावावर जमीन नाही, नवऱ्याच्याही नव्हती.
पिशवीतून तिने काढला चार शेर काळा राता,
खाऱ्यात तगणारा,
विहिरीच्या सांडपाण्यावर दर साल मूठभर पेरून
जगवलेला.
"जमीन तुमची. पेराल काय? रेशनचे तांदूळ?"

एक कुर्ली धोंडूच्या चपलेवर चढली, उतरली.

"बियाण्याचा वाटा किती लिहू?"
"मजुरीत धरू," दामले म्हणाले.
तिने पिशवीला गाठ मारली. उठली.
"बस गो," सोलकर. ती बसली नाही.
उभीच राहिली, चिखलात, घोट्यापर्यंत.

मी लिहिलं: वाटे पाच, सारखे.
वाचून दाखवलं. परत वाचलं.
दामल्यांनी वही ओढली. वाटलं, फाडतायत.
त्यांनी चष्मा पुसला, पेन मागितलं
आणि फक्त तिचं नाव सुधारलं.
मी हाक मारतो तसं लिहिलं होतं.
त्यांनी नीट लिहिलं, भागीरथी,
आणि पहिल्या दोन अक्षरांवर
पेन जरा थांबलं.
"हिच्या नावातच आहे की," पुटपुटले.
मग सही केली. खाली एकोणिसांसाठी जागा सोडली.

कलम सात: कुणाला सोडून जायचं झालं, तर
इतकं लिहीपर्यंत पाणी चपलांना लागलं.
आम्ही वर सरकलो.
पहिला गडगा घातला तेव्हाही
ते तितकंच होतं.
आता त्या पानावर चिखलाची पाच बोटं आहेत.
धोंडू म्हणतो, माझी नाहीत.