रिकामी पारडी

कमिटीनं मला पाठवलं,
कारण मी दोंडाईच्याच्या बाजारात मिरची तोलतो
आणि तीस वर्षांत माझ्या मापावर
कुणी बोट ठेवलेलं नाही.
"स्टँडमागं नवी मंडळी भरते, हनोखदादा.
आपली पोरं तिकडं जायला लागली.
शास्त्राला धरून आहे का, बघून या.
लेखी द्या."

वहीत दोन रकाने आखले.
तबीथामावशी निघाली सोबत, न बोलावता.
ती दिवसभर मिरचीचे देठ खुडते.
अक्षरं शिकली पन्नाशीत, रात्रीच्या वर्गात;
अजून वाचते बोट ठेवून, एकेक शब्द चावत,
आणि चुकून डोळ्याला हात लागला
की वचन कुठलंही असो, पाणी येतंच.

पत्र्याचा हॉल. कीबोर्ड. तेलाच्या बाटल्या ओळीनं.
उपदेशक तरुण, घामानं निथळत सांगत होता,
पाकिटात हात घाला, विश्वासानं घाला,
सातपट परत येईल, देवानं शब्द दिलाय.
आमेन, आमेन, आमेन.
मी लिहिलं : वचन अर्धं. देठापासून खुडलेलं.

मावशी उठली.
"दादा, हाई कोठे लिखेल शे?"
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
तो हसला, पानं चाळू लागला,
पुढून मागं, मग मागून पुढं,
आणि ही उभीच,
टेकवायला ओळ मिळेल म्हणून
बोट पुढं करून.
"बघून सांगतो, आई," तो शेवटी म्हणाला.
मी लिहिलं : सापडलं नाही.
लिहिताना मला बरं वाटलं.
तेही लिहायला हवं होतं.

मग पंगत बसली. खिचडी, कढी.
वीटभट्टीवरचं ते पावरा कुटुंब,
ज्याला आमच्याकडं नाताळात
चपलांच्या रॅकशेजारी सतरंजी मिळते,
इथं मधोमध.
वाढायला उपदेशक स्वतः.
त्यांच्या म्हातारीच्या पायाची चिघळलेली पट्टी
त्यानंच सोडली, धुतली, नवी बांधली,
नाक न मुरडता.
मावशीनं मला कोपरानं ढोसलं.
"आनि हाई? हाई लिखेल शे का नही?"

कुठं लिहिलंय ते मला ठाऊक होतं.
लहानपणी तेच पाठ म्हणून
मला कंपासपेटी मिळाली होती.

अमरावतीच्या कोरड्या पात्रातून परत येताना
मी विचारलं, "मग काय लिहू? बरी की वाईट?"
ती बराच वेळ चालत राहिली.
"त्याले सांगनं पडी, तू चुकी राहिना.
पन पहिले रिकामा काटा दखाड, हनोख."

बाजारात हे कुणीही म्हणतं.
सगळीकडं बॅटरीचे काटे आले, माझा अजून दांडीचा.
तोलण्याआधी मोकळी पारडी उचलून दाखवायची,
एक झुकलं तर दुसऱ्यात पासंग टाकायचा,
खडा, खिळा, बांगडीचा तुकडा.
रोज टाकतो मी.
आमच्या मंदिराची पारडी
एकदाही उचलून पाहिली नव्हती.

आमच्या भिंतीवर विश्वासाचा अंगीकार रंगवलाय,
काना-मात्रेची चूक नाही.
फिलेमोन सर दर पावसाळ्यानंतर
शिडी लावून अक्षरं पुन्हा गिरवतात.
त्याच भिंतीखाली पुढची दोन बाकं,
पाठीवर ऑइलपेंटनं घराण्यांची नावं.
एक नाव माझ्या आजोबांचं.
हाई कोठे लिखेल शे?

गुरुवारी कमिटी बसली.
पहिला रकाना वाचला. माना डोलल्या.
"मला माहीतच होतं," कुणीतरी म्हणालं.
चहा आला. फिलेमोन सर उठायला लागले.
"बसा, सर," मी म्हटलं, "अजून एक रकाना आहे,"
आणि चष्मा पुसायला काढला.
सकाळपासून मालावर होतो, हात धुतले नव्हते.
बाकांचं वाचायच्या आधीच
डोळ्याला बोट लागलं.