कोपऱ्यात थोडं खोल

ताळगावच्या पठाराखाली, तळघरातल्या खोलीत
मे महिन्यातही मी स्वेटर घालून बसते.
बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आत रुबिडियमचे दीड लाख अणू
जवळजवळ थांबलेले.
तापट होते ते आधीच उडून गेले.

लेझरचा झोत स्वभावानं पक्षपाती:
मध्ये भरभरून, कडेला हात आखडता.
त्यात सोडलं की अणू मधोमध घोळका करतात,
लग्नात पंगतीच्या दारापाशी करतात तसा.
मला घोळका नको.
मला हवं सगळीकडे सारखंच असणं.

म्हणून झोत आधी आरशांच्या पाटीवर पाडते.
नखाएवढ्या चौकोनात लाखो आरसे,
कुणी होकार देतो, कुणी मान फिरवतो.
त्यातून हिरव्या उजेडाची पेटी होते:
भिंती उजेडाच्या, आत काळोख.
अणू या हिरव्याला भितात,
भिंतीपाशी येतात, वळतात.
खालून चुंबकाचा हात धरलेला,
नाहीतर पृथ्वी सगळ्यांना ओढून नेईल.

चिलर सांभाळणारा फोंडूबाब
बातीच्या मिठागरात वाढलेला.
त्याचा बाप चिखल पायांनी मळायचा,
फळीनं सारखा करायचा.
तळ बोटभर चुकला
तर मीठ एकीकडे जाड, एकीकडे मातकट.
पाणसळ नव्हती.
पहाटे दोन बोटं पाणी सोडायचं,
वाकून त्यात आकाश बघायचं.
आकाश जिथं मोडतं, तिथं हात.

मी फोटो घेते.
फोटोचा उजेड पडला की ढग संपतो.
दर चाळीस सेकंदांनी नवा.
सावली जिथं दाट, तिथले थोडे आरसे वळवते,
पुन्हा ढग, पुन्हा फोटो.

रात्री दोनला एकशे सतरावा.
पडद्यावर चौकोन,
काळा, सपाट, शोधनिबंधात घालण्यासारखा.
मी खुर्चीत मागे रेलले.
फोंडूबाब फडक्याला हात पुसत आला,
वाकला,
डोळा पडद्याच्या पातळीला आणला.
"हांगा मात्शें खोल,"
डाव्या कोपऱ्याकडे बोट, काचेला न टेकवता.

आकडे काढले. तीन टक्के.

तो चिलरकडे परत गेला, पाण्याचा नळ बघायला.
मी त्या कोपऱ्यातले अकरा आरसे वळवले
आणि चाळीस सेकंद थांबले.