गिरणीवरचा जिना

चिठ्ठी सहा दिवस खिशात होती.
केसपेपरच्या मागे सिस्टरनं निळ्या रिफिलनं लिहिलेली:
बुधवार, सात, जुन्या जिनिंगमागे.
ना गल्ली, ना नंबर.
घामानं सातचा आकडा एकासारखा दिसू लागलेला.

नंदुरबारातली दारूची दुकानं
मला डोळे मिटून सांगता येतात.
कुठं उधारी चालते,
कुठलं शटर पहाटे साडेपाचला
दोन टकटकींवर वीतभर उचललं जातं,
मोहाची कोण बाई पाणी घालत नाही, तेसुद्धा.
अठरा वर्षांचा अभ्यास आहे.
ही एक खोली तेवढी सापडेना.

आणि विचारायचं तरी काय म्हणून?
मेडिकलवाल्याला म्हटलं, जुनी जिनिंग?
तो म्हणाला, कोणती, जळालेली का विकलेली?
कुणाकडे जायचंय?
तोंडात आलं, शिंप्याकडे.
भला माणूस, शिंप्याच्या दारात नेऊन सोडलं त्यानं मला.
शिंपी टेप गळ्यात टाकून उभा राहिला.
पँटची शिलाई तीनशे साठ आहे,
एवढी माहिती घेऊन परत फिरलो.

मी मापाडी. मिरचीचा.
हंगामात गावाबाहेर पथाऱ्या पडतात,
जमीन लाल होते, हवेला ठसका लागतो.
हात भाजतात, त्याची सवय होते.
हात कापतात, त्याची होत नाही.
मागल्या पौषात काट्यावर वजन सरकवत होतो,
दांडी थांबेचना.
माल आणलेली बाई दांडीकडे बघत नव्हती,
माझ्या बोटांकडे बघत होती.
बोलली काही नाही.
पोतं ओढत शेजारच्या काट्यावर गेली.
कोकिळा घरात रोज बोलते,
ते कधी एवढं लागलं नव्हतं.

साडेसहाला पाय आपसूक वळले.
गल्ल्यावर भुऱ्या. न विचारता त्यानं क्वार्टर काढली.
मी खिशात हात घातला,
आणि नोटेऐवजी चिठ्ठी गेली त्याच्या हातात.
त्यानं वाचली. उलटून पालटून वाचली.
‘जिनिंगमांगे नही भो आते.
आठेच, मांगली बोळ, पीठगिरणीवरला जिना.’
तुला कसं माहीत?
‘मना बाप जास तठे.’
क्वार्टर फडक्यानं पुसून
त्यानं परत फळीवर ठेवली.
माझ्याकडे बघितलं नाही.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पीठ.
त्यात वर गेलेल्या चपलांचे ठसे.
खाली आलेला एकही नव्हता,
सातला पाच कमी होते.

नऊ खुर्च्या. एक रिकामी.
शेवंताबाई म्हणाली, बस भाऊ.
कोपऱ्यात दिलवर, धडगावहून येतो,
परतीची गाडी नसते म्हणून स्टँडवर झोपतो.
भुऱ्याचा बाप मी नाकावरून ओळखला.
तो म्हणाला, नाव सांग. आडनाव राहू दे,
इथं लागत नाही.
अठ्ठेचाळीस वर्षांत मला एवढंच
कुणी विचारलं नव्हतं.
राजधर, म्हटलं. पुढचं काही सुचेना.
पुढचं कुणी मागितलंही नाही.

चहा आला. कप अर्धाच.
मनात म्हटलं, कंजूष आहेत.
मग बघितलं, सगळ्यांचेच अर्धे.
भरलेला सांडतो,
हे या खोलीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तेवढ्यात खाली कुणीतरी पट्टा चढवला,
गिरणी सुरू झाली.
फरशी, खुर्च्या, कप, ट्यूबलाइट,
सगळंच थरथरू लागलं
आणि त्यात माझे हात वेगळे दिसेनात.

घरी कोकिळानं पँटवरचं पीठ बघितलं.
आधी वास घेतला, रोजच्यासारखा.
मग जरा थांबली.
गिरणीवर गयथात का?
हो म्हटलं.
‘मंग दयन कोठे शे?’
म्हटलं, गर्दी होती.
नंबर लावून आलोय.